कर्नाकची भिंत आणि उन्हाचे गणित

१८३९ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात फ्रांस्वा आरागो हा भौतिकशास्त्रज्ञ बोलायला उभा राहिला. लुई दागेरने शोधून काढलेली छायाचित्रणाची रीत सरकारने त्याच्याकडून घ्यावी आणि सर्वांसाठी खुली करावी, असे त्याचे म्हणणे होते. या रीतीचा उपयोग काय, हे सांगताना त्याने उदाहरण निवडले ते इजिप्तचे. थीब्ज, मेम्फिस, कर्नाक इथल्या देवळांवर कोरलेल्या लक्षावधी चित्राक्षरांची हाताने नक्कल करायची तर चित्रकारांची फौज आणि कित्येक दशके लागतील. दागेरचे यंत्र बरोबर असेल तर एकटा माणूस ते काम पार पाडील, असा त्याचा दावा होता. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीबरोबर गेलेल्या विद्वानांनी आणि चित्रकारांनी इजिप्तमध्ये किती हात झिजवले होते, ते सभागृहाला ठाऊक होते. त्यामुळे उदाहरण पटण्यासारखेच होते.

आता पंचाऐंशी वर्षे पुढे जाऊ. १९२४ साली शिकागो विद्यापीठाच्या जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी लक्सरला एक कायमचे केंद्र सुरू केले. 'शिकागो हाउस' या नावाने ते आजही ओळखले जाते. देवळांच्या भिंतींवरचे कोरीवकाम नोंदवून ठेवणे हेच त्याचे काम. तोवर कॅमेरे, भिंगे, काचेच्या प्लेटा सगळ्यात कमालीची सुधारणा झालेली होती. तरीही या केंद्राने छायाचित्रकारांच्या बरोबरीने चित्रकार नेमले, आणि अजूनही तिथे चित्रकार भिंतीसमोर बसून रेघा काढतात.

आरागो चुकला कुठे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुस्तकात वाचून पटले नव्हते. ते पटले डिसेंबरातल्या एका दुपारी, कर्नाकच्या अमून देवळाच्या मोठ्या स्तंभमंडपाबाहेर उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर. या भिंतीवर पहिल्या सेती राजाच्या लढाया कोरलेल्या आहेत. घोडे, रथ, कोसळणारे शत्रू, बांधलेले कैदी असा सगळा पसारा आहे. आम्ही उत्साहाने फिल्मचा एक अख्खा रोल संपवला. परत आल्यावर धुऊन पाहिला, तर छत्तीस फोटोंत मिळून एका घोड्याचे चारही पाय धड मोजता येईनात. कॅमेरा चांगला होता, हातही हलला नव्हता. चूक होती ती आम्ही निवडलेल्या महिन्याची.

भिंतीवर नेमके काय असते

आधी कोरीवकामाचे दोन प्रकार समजून घेऊ. पहिला आपल्या परिचयाचा. आकृतीच्या भोवतालचा दगड तासून खाली नेतात आणि आकृती वर उठून दिसते. याला आपण उठाव म्हणू. दुसरा प्रकार इजिप्तमध्ये फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्यात भोवतालचा दगड तसाच ठेवतात. आकृतीच्या कडेने खोल चर मारतात आणि चराच्या आत आकृतीला गोलाई देतात. म्हणजे आकृती भिंतीच्या पातळीच्या खालीच राहते. याला 'बुडीत उठाव' म्हणू.

बुडीत उठावात मेहनत कमी, कारण पार्श्वभूमीचा सगळा दगड काढावा लागत नाही. आकृतीला धक्काही सहज लागत नाही. पण त्याचा खरा फायदा उन्हात कळतो. इजिप्तच्या प्रखर उन्हात चराची कड काळी ठसठशीत सावली टाकते आणि आकृती दुरूनही ओळखू येते. म्हणून बाहेरच्या भिंतींवर बहुधा बुडीत उठाव असतो आणि आतल्या अंधुक दालनांत साधा उठाव.

कर्नाकच्या स्तंभमंडपात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळतात. सुमारे १०३ मीटर लांब आणि ५२ मीटर रुंद अशा या मंडपात १३४ खांब आहेत. मधल्या दोन रांगांतले बारा खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत, बाकीचे त्यांहून ठेंगणे. पहिल्या सेतीने (इसवी सनापूर्वी १३ वे शतक) उत्तरेकडचा अर्धा भाग सुरेख उठावाने सजवला. काम पुरे होण्याआधी तो वारला. त्याचा मुलगा दुसरा रामसेस याने दक्षिणेकडचा भाग आधी उठावानेच सुरू केला, पण थोड्याच वर्षांत त्याने बुडीत उठाव पत्करला आणि आधी केलेले कामही बऱ्याच ठिकाणी बुडीत करून घेतले. म्हणजे एकाच दगडावर दोन वेळा छिन्नी चालली.

या मंडपावर मूळचे दगडी छत होते. मधला भाग उंच, आणि त्याच्या बाजूंना दगडी जाळ्यांच्या खिडक्या. प्रकाश वरून, थोडा थोडा झिरपत यायचा. आज छत जवळजवळ गेलेले आहे. अंधुक उजेडासाठी केलेले सेतीचे नाजूक काम आता उघड्या आभाळाखाली आहे, आणि ते तसेच दिसावे ही आपली अपेक्षा मुळातच गैर आहे.

तिरपा उजेड

आता भौतिकीकडे वळू. खडबडीत, न चकाकणाऱ्या पृष्ठभागावर प्रकाशकिरण किती तिरपे पडतात यावर तो किती उजळ दिसतो हे ठरते. किरण आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात उजळपणा बदलतो. समोरून, म्हणजे ९० अंशांत आलेला प्रकाश सर्वांत जास्त उजळवतो. भिंतीला घासून जाणारा सर्वांत कमी. (पुस्तकात हाच नियम लंबाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनने मांडलेला असतो. गोष्ट एकच.)

समजा, घोड्याच्या पोटाची गोलाई भिंतीच्या पातळीपासून एके ठिकाणी फक्त ५ अंश कललेली आहे. ही गोलाई फोटोत दिसायची तर तिथला उजळपणा शेजारच्या सपाट दगडाहून पुरेसा वेगळा हवा. प्रकाश ९० अंशांतून आला तर साइन ९५ भागिले साइन ९० म्हणजे ०.९९६. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. डोळ्याला तो कळणार नाही, फिल्मलाही नाही. ४५ अंशांतून आला तर साइन ५० भागिले साइन ४५, म्हणजे सुमारे १.०८. फरक ८ टक्के. २० अंशांत २४ टक्के, आणि १० अंशांत चक्क ४९ टक्के. दगड तोच आणि गोलाईही तीच. फक्त सूर्य खाली आला आणि फरक शंभरपटीहून अधिक वाढला.

सावल्यांचेही असेच आहे. ३ मिलिमीटर खोल चराची कड ४५ अंशांच्या उन्हात ३ मिलिमीटर रुंद सावली टाकते, १० अंशांत १७ मिलिमीटर, ५ अंशांत ३४ मिलिमीटर. इथे मात्र सावध राहायला हवे, कारण जास्त म्हणजे चांगले असे नाही. चरच जर २० मिलिमीटर रुंद असेल तर ५ अंशांच्या उन्हात तो अख्खा काळा होईल आणि त्यातले काहीच दिसणार नाही. शिवाय १० अंशांत भिंतीला समोरच्या उन्हाच्या जेमतेम १७ टक्के प्रकाश मिळतो. त्या मानाने कॅमेऱ्याचा पडदा सहापट वेळ उघडा ठेवावा लागतो.

कॅमेऱ्याला चिकटलेल्या फ्लॅशने काढलेले कोरीवकामाचे फोटो सपाट का येतात, हे यावरून लक्षात येईल. फ्लॅश भिंगाच्या शेजारूनच, म्हणजे भिंतीवर ९० अंशांच्या जवळपास प्रकाश टाकतो. जो कोन टाळायचा, नेमका तोच.

सावलीतल्या भिंतीची गत फ्लॅशहून फारशी बरी नसते. तिच्यावर आभाळाचा उजेड सगळीकडून येतो, आणि इजिप्तमध्ये तर पायाखालची फिकट वाळू खालूनही उजेड परतवते. प्रत्येक कडेची सावली कुठल्या ना कुठल्या दिशेने भरून निघते. आमचे छत्तीस फोटो असे वाया गेले.

डिसेंबर का चुकला

उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडते तरी केव्हा? लक्सरचा अक्षांश २५.७ अंश उत्तर, म्हणजे साधारण आपल्या पाटण्याएवढा. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने सूर्य तिथे डोक्यावर कधीच येत नाही. २१ जूनच्या माध्यान्हीसुद्धा तो दक्षिणेकडे दोन-सव्वादोन अंश झुकलेला असतो. तेव्हा उत्तरेच्या भिंतीला ऊन फक्त उन्हाळ्यात, सकाळ-संध्याकाळ मिळेल, असे आपण म्हणू.

पण गंमत अशी की, कर्नाकची 'उत्तरेची' भिंत नेमकी उत्तरेला तोंड करून नाही. देवळाचा मुख्य अक्ष उत्तर दिशेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास सुमारे ११७ अंशांवर आहे. डिसेंबरात दक्षिणायन संपते त्या दिवशी लक्सरला सूर्य जिथे उगवतो, तीच ही दिशा. भिंत या अक्षाला समांतर आहे, म्हणून तिचे तोंड २७ अंशांकडे, म्हणजे उत्तर-ईशान्येला येते. सूर्याची दिशा ११७ अंशांच्या पलीकडे गेली की तो भिंतीच्या मागे गेला.

आता २१ डिसेंबर घ्या. त्या दिवशी सूर्य उगवतोच ११६ अंशांच्या आसपास. उगवला न उगवला तोच भिंतीआड जातो, आणि संध्याकाळी नैऋत्येकडे मावळेपर्यंत पुन्हा पुढे येत नाही. म्हणजे भिंत दिवसभर सावलीत. इजिप्तला जाणारे बहुतेक प्रवासी थंडीत जातात. आम्हीही गेलो होतो.

२१ मार्चला काय होते? सूर्य नेमका पूर्वेला, ९० अंशांवर उगवतो आणि वर चढता चढता दक्षिणेकडे सरकतो. अक्षांश, तारीख आणि भिंतीची दिशा एवढ्या तीन गोष्टींवरून त्रिकोणमितीने कोन काढता येतात. आम्ही ते काढून पाहिले. सकाळी सव्वासातला सूर्यकिरण भिंतीशी सुमारे १७ अंशांचा कोन करतात, सव्वाआठला सुमारे ९ अंशांचा, नऊच्या सुमारास २ अंशांचा. सव्वानऊनंतर पंधरा मिनिटे सरायच्या आत भिंत सावलीत गेलेली असते. वर काढलेले टक्के आठवा. सव्वासात ते पावणेनऊ हा दीड तास म्हणजे या भिंतीचे सारे वैभव.

यात आणखी एक योग आहे. या वेळात भिंतीकडे तोंड करून उभे राहिल्यास सूर्य आपल्या डाव्या हाताला, क्षितिजापासून सुमारे २० ते ४० अंश वर असतो. म्हणजे भिंतीवर उजेड डावीकडून आणि वरून उतरतो. हे महत्त्वाचे का, ते चित्राच्या संदर्भात लगेच येईल.

आधी एक छोटा प्रयोग. कोरीवकामाचा एखादा ठळक छायाप्रकाशाचा फोटो घ्या आणि उलटा धरा. पुष्कळदा खाचा फुगवटे होतात आणि फुगवटे खाचा. चंद्रावरच्या विवरांच्या फोटोतही असेच होते. उजेड वरून येतो, हे आपल्या मेंदूने जन्मभराच्या अनुभवाने गृहीत धरलेले असते. तो खालून आला असेल तर मेंदू उजेडाची दिशा बदलण्याऐवजी दगडाचा आकारच बदलतो. बुडीत उठाव आणि साधा उठाव शेजारी शेजारी असलेल्या ठिकाणी या भुलीने चांगले जाणकारही फसू शकतात.

पुसलेला माणूस

याच भिंतीवर एक प्रकरण आहे. सेतीच्या लढायांच्या दृश्यांत काही ठिकाणी राजाच्या मागे एक लहान आकृती आहे. ती युवराज रामसेसची, असे आज तिथला मजकूर सांगतो. पण ती आकृती मूळच्या आखणीत नव्हती, मागाहून घातलेली आहे, हे ब्रेस्टेड यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते. पुढे बारकाईने पाहिल्यावर त्या जागी आधी आणखी कोणीतरी होते हे दिसून आले. मेही नावाचा एक सेनाधिकारी. त्याची आकृती आणि नाव खोडून, खाचा चुन्यागिलाव्याने बुजवून, वर रामसेस कोरला होता. तीन हजार वर्षांत गिलावा गळून पडला आणि दोन्ही माणसे एकमेकांत गुंतलेली उघडी पडली.

हा मेही कोण? सेतीनंतर गादीवर बसू पाहणारा कोणी प्रतिस्पर्धी, की राजाच्या मर्जीतला एक साधा सरदार? यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. विल्यम मर्नेन यांनी तपशीलवार अभ्यासानंतर दुसऱ्या शक्यतेकडे कौल दिला, आणि आम्हालाही ती जास्त सरळ वाटते. पण कुठलाही निष्कर्ष काढला तरी तो उभा आहे तो काही मिलिमीटर खोल, अर्धवट पुसलेल्या रेघांवर. कुठली रेघ पहिल्या छिन्नीची, कुठली दुसऱ्या, कुठली गिलावा धरून राहावा म्हणून मारलेला टोचा आणि कुठली नुसती दगडाची चीर, हे ठरवल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

फोटो इथे अडतो. कॅमेऱ्यापुढे या सगळ्या रेघा सारख्याच, आणि एखाद्या पक्ष्याच्या विष्ठेचा ओघळही त्यांच्याच पंक्तीला. फोटो उजेडाची नोंद करतो. दगडावर काय घडले याची नोंद करायला दगडाशी नाक लावून, आरसा फिरवून, बोटाने चाचपून पाहणारा माणूस लागतो. आणि माणसाने नुसत्या नजरेने काढलेले चित्र मापात चुकते, हेही तितकेच खरे.

शिकागो हाउसची रीत या दोन उणिवांना एकत्र जुंपते. मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर भिंतीचा फोटो घेतात आणि त्याचा मोठा छाप काढतात. चित्रकार तो छाप घेऊन भिंतीपाशी जातो आणि फोटोवरच पेन्सिलीने रेघा काढतो. माप फोटोचे, निर्णय चित्रकाराचा. नंतर त्या रेघांवर शाई चढवतात आणि छाप आयोडीनच्या द्रावणात बुडवतात. फोटोतली चांदीची प्रतिमा निघून जाते, शाईच्या रेघा तेवढ्या उरतात. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावा असा हा प्रकार आहे. मग त्या चित्राची प्रत घेऊन लिपितज्ज्ञ भिंतीपाशी जातो आणि चुका लिहितो. त्याच्यामागून दुसरा लिपितज्ज्ञ पहिल्याच्या चुका तपासतो. शेवटी चित्रकार पुन्हा भिंतीपाशी. सेतीच्या लढायांचा खंड या पद्धतीने १९८६ साली प्रसिद्ध झाला. अलीकडे कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे, पण भिंतीपाशी जाणे चुकलेले नाही.

या चित्रांत एक संकेत पाळतात. उजेड डावीकडून, वरून, ४५ अंशांत येतो असे मानायचे. आकृतीच्या ज्या कडेवर सावली पडेल ती रेघ जाड, जिच्यावर ऊन पडेल ती बारीक. साध्या उठावात खालची आणि उजवी कड जाड येते, बुडीत उठावात वरची आणि डावी. एवढ्या एका युक्तीने नुसत्या काळ्या रेघांवरून कळते की आकृती वर आहे की खाली. मार्चमधल्या सकाळी कर्नाकची ती भिंत जवळपास याच संकेताने उजळते, तो योग म्हणजे हा.

खांबांची अडचण

भिंत निदान सपाट असते. खांब गोल आणि उंच, म्हणून अडचणी दुहेरी.

उंचीचे आधी पाहू. २१ मीटरच्या खांबापासून १० मीटरवर उभे राहून कॅमेरा वर कलता केला की खांब टोकाकडे निमुळता होऊन मागे पडतोसा दिसतो. फोटोत वस्तूचा आकार ती भिंगाच्या रोखाने किती दूर आहे यावर ठरतो. कॅमेरा ३० अंश वर कलता केला तर या रोखाने खांबाचे बूड सुमारे ८ मीटरवर आणि माथा सुमारे १८ मीटरवर जातो, म्हणजे माथ्याकडची चित्रे बुडाकडच्या चित्रांच्या निम्म्याहूनही लहान येतात. उपाय सोपा आहे. फिल्म खांबाला समांतर ठेवायची, म्हणजे सगळा खांब भिंगाच्या रोखाने सारख्याच अंतरावर, १० मीटरवर राहतो. पण मग माथा चौकटीबाहेर जातो. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत फिल्म तशीच उभी ठेवून भिंग तेवढे वर सरकवता येते, आणि इमारतींचे छायाचित्रण करणारे अजून त्या सोयीवर जीव टाकतात.

गोलाईचा प्रश्न जास्त हट्टी आहे. मधल्या मोठ्या खांबांचा घेर सुमारे १० मीटर आहे. समोरून पाहताना मध्यरेषेपासून ६० अंश बाजूला असलेले चित्र निम्म्या रुंदीचे दिसते, आणि त्याच्या पलीकडचे तर नाहीसेच होते. शिवाय उजेडाचा कोन खांबाच्या प्रत्येक बाजूला वेगळा. एका कडेला तो घासून जातो, मध्यावर समोरून पडतो आणि दुसरी कड काळोखात. एकाच फोटोत तिरपा उजेड सगळीकडे मिळणे शक्यच नाही. त्यात खांब इतके दाटीने उभे की मागे सरायला गेले की पाठीला दुसरा खांब लागतो.

म्हणून खांबाभोवती फिरत, एकमेकांवर बराच भाग येईल असे पुष्कळ फोटो घेतात. एकच ठिपका दोन-तीन फोटोंत कुठे कुठे आला यावरून त्याची जागा त्रिकोणाच्या गणिताने काढता येते. जमीनमोजणीत दूरच्या टेकडीचे अंतर काढतात तसेच. असे लक्षावधी ठिपके मिळाले की खांबाचा आकार मिळतो आणि त्याची 'साल' सोलून सपाट कागदासारखी पसरता येते. अमेरिकेतले मेम्फिस विद्यापीठ (नाव इजिप्तच्या प्राचीन राजधानीवरूनच आलेले) आणि माँट्रिआलमधले क्वेबेक विद्यापीठ यांच्या पथकाने कर्नाकच्या खांबांवर ही रीत वापरली आहे. हे गणित पूर्वीही ठाऊक होते. स्वस्त संगणक आल्यावर ते खांबाच्या कामी जुंपणे परवडू लागले.

घाई कशासाठी

३ ऑक्टोबर १८९९ रोजी या मंडपातले अकरा खांब कोसळले. जॉर्ज लेग्रँ यांनी कित्येक वर्षे खपून ते पुन्हा उभे केले. पडणारा खांब निदान आवाज करतो. मिठाचे काम त्याहून गुपचूप चालते. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने दगडात वर चढते, बरोबर विरघळलेले क्षार आणते, आणि पृष्ठभागाशी येऊन वाळते. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि वालुकाश्माचा वरचा पापुद्रा सुटून येतो. कोरीवकाम असते ते त्या पापुद्र्यावरच. बारमाही पाटपाणी आले, १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पुरे झाले, नाईलचा वार्षिक पूर थांबला आणि आसपासच्या शेतांत वर्षभर पाणी खेळू लागले. देवळांखालची ओल वाढली. २००६ मध्ये कर्नाक आणि लक्सरच्या देवळांभोवती भूजल उतरवणारी व्यवस्था सुरू झाली. तोवर खालच्या थरांतले जे गळून गेले ते गेलेच.

फिलेच्या देवळाची कथा याहून बोलकी आहे. १९०२ मध्ये आस्वानचे पहिले धरण झाले आणि पुढे त्याची उंची दोनदा वाढवली. देऊळ वर्षातला बराच काळ पाण्यात राहू लागले. त्याच्या खांबांच्या माथ्यांवर तोवर टिकून असलेले रंग धुऊन गेले. १९०८ ते १९१० या काळात हेर्मान युंकर ज्यात होते त्या प्रशियन पथकाने त्याच्या भिंतींचे पद्धतशीर फोटो घेऊन ठेवले होते. पुढे १९७० च्या दशकात देऊळ दगड दगड सुटा करून शेजारच्या बेटावर हलवले. दगड वाचले. रंगांसाठी मात्र जुन्या वर्णनांकडे, चित्रांकडे वळावे लागते, कारण त्या पथकाच्या प्लेटा काळ्या-पांढऱ्या होत्या.

म्हणून आम्हाला आरागो पुरता चुकला असेही म्हणवत नाही. माक्सिम द्यू काँ १८४९ ते ५१ मध्ये कागदी निगेटिव्ह घेऊन नाईलवर फिरला. मापाचा अंदाज यावा म्हणून तो आपल्या नावेवरच्या हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला शिल्पांवर उभा करी. हे भिंग म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल, अशी थाप मारून त्याला दोन-दोन मिनिटे स्तब्ध ठेवी, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. (फोटोत पट्टी ठेवण्याची आठवण विद्यार्थ्यांना करून देताना ही गोष्ट उपयोगी पडते.) १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस फ्रिथ ओल्या कोलोडियनच्या काचा घेऊन गेला, आणि त्याच्या तंबूतल्या उकाड्यात कोलोडियन उकळू लागे. हॅरी बर्टन यांनी लक्सरच्या पश्चिम तीरावरच्या थडग्यांत आरशांनी ऊन परतवून आतल्या भिंती उजळल्या. या लोकांच्या प्लेटांवर आज अशा रेघा सापडतात ज्या दगडावर उरलेल्या नाहीत.

वर्गात करण्यासारखे

२००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत मांडली. कॅमेरा हलवायचा नाही, वस्तूही हलवायची नाही. फक्त दिवा वेगवेगळ्या जागी नेऊन दरवेळी एक फोटो घ्यायचा. प्रत्येक बिंदू दिव्याच्या कोणत्या जागेला किती उजळला यावरून तिथला दगड कुणीकडे कललेला आहे, हे संगणक काढतो. मग पडद्यावर हवा तिथे 'सूर्य' नेता येतो. आमची भिंत डिसेंबरातही मार्चची करता येईल, अर्थात रात्री दिवे घेऊन जायची परवानगी मिळाली तर.

याचा साधा अवतार शाळेत सहज जमतो. एक झिजलेले जुने नाणे किंवा साबणाच्या वडीवर कोरलेले अक्षर घ्यावे. अंधाऱ्या खोलीत पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल आडवा ठेवून त्याचे भिंग वस्तूवर रोखावे. टॉर्च आठ दिशांना, प्रत्येक दिशेला एकदा खाली आणि एकदा वर धरून सोळा फोटो घ्यावेत. कोणत्या फोटोत काय दिसले आणि काय हरवले, याचा तक्ता मुलांनीच करावा. मग सोळाही फोटो समोर ठेवून एकाने नाण्याचे रेखाचित्र काढावे, आणि दुसऱ्याने नाणे हातात घेऊन त्यातल्या चुका शोधाव्यात. गावात वीरगळ किंवा कोरीव दगड असेल तर पुढची पायरी तिथे करता येईल. दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने पाहावे, आणि ऊन त्याला घासून कधी जाईल याचा अंदाज आधी वहीत लिहून मग जाऊन पडताळावा. दगडावर खडू, पावडर, तेल काही लावू नये, कागद चिकटवून ठसाही घेऊ नये.

टॉर्च फिरवताना एक काळजी घ्यावी. नाण्यापासून त्याचे अंतर बदलले की उजळपणा कोनामुळे बदलला की अंतरामुळे, ते सांगता येत नाही. टॉर्चला अर्ध्या मीटरची दोरी बांधून तिचे दुसरे टोक दरवेळी नाण्याला टेकवावे, फोटो घेताना बाजूला करावे.